तेझेला स्वयंसेवक म्हणून राहायला निघाला असाल तर

फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या तेझे या खेड्यातल्या ख्रिस्ती मठवासी समुदायात काही महिने स्वयंसेवक म्हणून राहायचं ठरवलं असेल, तर हा समुदाय सुरू करणारे ब्रदर रॉजर कोण होते, १९४० साली ते तिथे का आले, तिथली पुन्हापुन्हा म्हणायची छोटी गाणी कशी असतात, हे तुम्हाला ठाऊक असणारच. त्यात वेळ घालवत नाही. तिथला रोजचा दिवस कसा जातो आणि माणूस नेमका कुठे खचतो, तेवढंच सांगते.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. तुम्ही रिट्रीटला, म्हणजे प्रार्थना-चिंतनाच्या मुक्कामाला, चाललेला नाहीत. रिट्रीटला येणारे पाहुणे वेगळे. त्यांचं जेवणखाण, झोपायची सोय, स्वच्छता हे बघणाऱ्यांत तुम्ही असणार. एरवीच्या दिवशी सकाळी सव्वाआठला, दुपारी बारा वीसला आणि रात्री साडेआठला घंटा वाजतात, सगळं हातातलं ठेवून चर्चमध्ये जायचं, आणि या तीन प्रार्थनांच्या मधला वेळ कामाचा. कधी स्वयंपाकघर, कधी स्वागतकक्ष, कधी शौचालयं. काम वाटून दिलं जातं, आवडीनिवडीला फार वाव नसतो. शौचालयं धुवायची लाज वाटत असेल तर जाऊ नका, इतकं स्पष्ट सांगते.

भांडी मात्र मला मनापासून आवडायची. तिथे जेवायला काटा-सुरी नसते. एक चमचा, एक ताटली आणि एक वाडगा. चहाही वाडग्यातून, पाणीही वाडग्यातून. शेकडो वाडगे गरम पाण्यातून काढताना चष्म्यावर वाफ धरते, कोपरापर्यंत बाही भिजते, आणि मग कोणीतरी पोलिश किंवा पोर्तुगीज मुलगी दुपारच्याच प्रार्थनेतली ओळ धरते. दोन मिनिटांत सगळे वेगवेगळ्या सुरांत तीच ओळ म्हणत असतात. जेवण साधं असतं, त्याबद्दल कुरकुर करू नका. तिथले ब्रदर, म्हणजे समुदायातले मठवासी, स्वतःसाठी देणग्या घेत नाहीत, वारसाहक्काची मिळकतसुद्धा ठेवून घेत नाहीत. मातीची भांडी घडवण्यासारख्या स्वतःच्या कामावर त्यांचं चालतं. हे डोळ्यांनी पाहिलं की आपल्याला पगार नाही याचं काही वाटेनासं होतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. तेझेचा आठवडा रविवार ते रविवार चालतो. दर रविवारी लग्नघरासारखी गडबड असते: सकाळच्या उपासनेनंतर जुने पाहुणे बॅगा घेऊन निघतात, दुपारपासून नवे उतरू लागतात. पाहुणा आठवडाभरासाठी आलेला असतो. घरापासून लांब, ओळखीचं कोणी नाही, दिवसातून तीनदा प्रार्थना, प्रत्येक प्रार्थनेत मोठी शांतता. माणूस फार लवकर मोकळा होतो. बुधवार-गुरुवारपर्यंत तो तुम्हाला असं काही सांगतो, जे त्याने घरी कोणाला सांगितलेलं नसतं. शुक्रवारी रात्री क्रूस जमिनीवर आडवा ठेवतात, लोक एकेक करून त्यावर कपाळ टेकतात. तो उठतो तेव्हा त्याचे डोळे भरलेले असतात आणि शेजारी तुम्ही असता. शनिवारी रात्री हातात मेणबत्त्या, पुनरुत्थानाचा आनंद. रविवारी तो मिठी मारतो आणि जातो.

त्याचं वर्तुळ पूर्ण झालेलं असतं. तुमचं तुटलेलं असतं. आणि त्याच संध्याकाळी नवा माणूस समोर हसत उभा असतो. हे दर आठवड्याला होतं. सुरुवातीला यात फार गोडी वाटते, आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतोय असं वाटतं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात नाव विचारायचीही इच्छा उरत नाही. माझी तर चर्चमध्ये बसूनही तोंड उघडायची ताकद गेली होती. आजही ते दिवस आठवले की जीव दडपतो.

यातला खरा फास पाहुण्यांत नसतो. पाहुण्यांच्या नादात तुम्ही ज्यांच्यासोबत राहता त्यांच्याकडे पाठ फिरवता, तिथे तो असतो. खोलीतली सोबतीण घोरते, स्वयंपाकघरातला कोणीतरी दिवसभर हुकूम सोडतो, सगळे थकलेले असतात, त्यांच्याशी बोलण्यात नवं काही उरलेलं नसतं. पाहुणे ताजे, उत्सुक, तुमचं कौतुक करणारे. मग फावल्या वेळात पाय तिकडेच वळतात. पण ताप आल्यावर सूपचा वाडगा घेऊन येते ती घोरणारीच. रविवारी दुपारी तुमचा चेहरा का उतरलाय हे तिला विचारावं लागत नाही, कारण तिचाही उतरलेला असतो. पाहुण्याला परत जाऊन सांगायला त्याची माणसं आहेत. तुमची माणसं इथे हीच.

म्हणून दिवसातलं एक जेवण तरी इतर स्वयंसेवकांबरोबरच घ्या, कितीही कंटाळवाणं वाटलं तरी. प्रत्येकाला फोन नंबर देऊ नका. ज्याने मन मोकळं केलं त्याला ब्रदर किंवा सिस्टरांकडे (तिथल्या नन) घेऊन जा, सगळं स्वतःच्या उरावर घेऊ नका. आणि सुट्टीच्या दिवशी ‘जरा हात लावते’ म्हणून कामावर जाऊ नका! बाहेर पडा. जुना रेल्वेमार्ग काढून केलेला सायकलरस्ता तेझेजवळून क्लूनी या गावाकडे जातो, अंतर दहा किलोमीटरच्या आसपास. ९१० साली स्थापन झालेल्या तिथल्या मठाचं चर्च एके काळी ख्रिस्ती जगतातलं सर्वांत मोठं होतं, आता थोडाच भाग उभा आहे. एक दुपार तिथे काढली तरी डोकं हलकं होतं.

मार्गदर्शनाबद्दल माझं मत ठाम आहे. बोलायला एक ब्रदर किंवा सिस्टर ठरवून दिलेली असते. त्यांच्याकडे पहिल्याच आठवड्यापासून जा, कोसळायची वाट बघू नका. तुमच्या आधी दोन महिने आलेला स्वयंसेवक सगळं माहीत असल्यासारखा बोलतो, त्याला गुरू करू नका. प्रार्थनेतल्या आठ-दहा मिनिटांच्या शांततेसाठी श्वास मोजायच्या युक्त्या आणि ध्यानाची अ‍ॅप्सही मला पटत नाहीत. मन भरकटतं, भरकटू द्या, बसून राहा. काही आठवड्यांनी ती शांतता अंगवळणी पडते, खरंच पडते.

आणि काम हलक्या दर्जाचं वाटू लागलं, तर ज्या चर्चमध्ये बसता ते कोणी बांधलं ते आठवा. ते १९६२ साली उभं राहिलं ते युद्धानंतर समेटाचं काम करणाऱ्या जर्मन तरुणांच्या हातांनी. तेही तुमच्यासारखेच स्वयंसेवक होते.

व्हिसाचं थोडक्यात. शेंगेनच्या (फ्रान्ससह युरोपातल्या अनेक देशांना मिळून एकच चालणाऱ्या) अल्पमुदती व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि हे दिवस सगळ्या शेंगेन देशांचे मिळून धरतात. पुढे वाढवून घेऊ, या भरवशावर निघू नका. जास्त राहायचं असेल तर निघण्यापूर्वीच दीर्घ मुदतीचा व्हिसा काढा.

निवडायला मिळत असेल तर ऑक्टोबरच्या सुमारास जा. उन्हाळ्यात दर आठवड्याला हजारो तरुण येतात आणि निरोपांचा मारा सोसवत नाही. हिवाळ्यात पाहुणे कमी असतात, थंडी ओली आणि बोचरी असते, त्यामुळे स्वयंसेवक संध्याकाळी एकत्र बसतात. त्या दोन-तीन महिन्यांत जमलेली माणसं जवळ असली की जुलैचे रविवार झेपतात. उन्हाळ्यातच जावं लागलं, तर पोचल्याच्या आठवड्यातच तुमच्या ब्रदर-सिस्टरांना सांगून ठेवा, की रविवारी दुपारी मला एकटीला ठेवू नका, कोणाच्या तरी जोडीने काम द्या.