हृदयाचं ऑपरेशन झालेलं मूल पुन्हा पळतं कसं करायचं

डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या वेळा असतात, खेळाबद्दल मात्र बहुतेकदा ‘काळजी घ्या’ एवढंच. त्यावर समाधान मानू नका. छातीचं हाड जुळेपर्यंत किती आठवडे सांभाळायचं आणि त्यानंतर कशाला कायमची मनाई, हे सर्जनकडून लिहून घ्या. एएसडी, व्हीएसडीचं (हृदयाच्या कप्प्यांमधल्या पडद्यातलं) छिद्र पूर्ण बुजलेल्या बहुतेक मुलांना पुढे कसलीच मनाई नसते. झडप अरुंद असेल, पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर वेगळं.

पहिले सहा ते आठ आठवडे: काखेत हात घालून उचलायचं नाही. हाड मधोमध कापून तारेने बांधलेलं असतं, त्यावर ताण येतो. एक हात पाठीमागे, दुसरा कुल्ल्यांखाली घालून उचला. हाताला धरून ओढणं, लोंबकळणं, सायकल, दप्तर बंद. चालणं चालू.

खरी अडचण हाड जुळल्यावर येते. डॉक्टर ‘खेळू द्या’ म्हणतात आणि घरात कुणाचा धीर होत नाही. आजी कडेवरून उतरवत नाही, जिना आला की बाबा उचलतात, दोन पावलं धावलं की ‘हळू!’. तीन महिने असे गेले की पायांतली ताकद जाते. मग मूल दहा पावलांत दमतं आणि सगळे म्हणतात, ‘बघा, हृदय अजून नाजूकच आहे.’ अशा वेळी बहुतेकदा कमी पडलेली असते ती सवय. तरी पुढच्या तपासणीत डॉक्टरांकडून खात्री करून घ्या.

म्हणून आधी कडेवरचं ओझं उतरवा. घरातला जिना स्वतः चढू द्या, दुकानापर्यंत चालत न्या. मग पकडापकडी, लंगडी, चेंडू. सुरुवातीला दहा मिनिटं, दर आठवड्याला पाचेक मिनिटं जास्त. कधी थांबायचं ते मूल ठरवेल. लहान मुलं दमली की आपणहून बसतात, त्यांना बसू द्या. ‘अजून एकदा’ म्हणू नका आणि दम लागायच्या आधी बसवूही नका. धावता धावता विचारा, ‘आज डब्यात काय होतं?’ पूर्ण वाक्यात उत्तर आलं तर ठीक. शब्द तुटायला लागले तर वेग कमी करा. गाल लाल होणं, घाम, धाप हे पळणाऱ्या कुठल्याही मुलाचं असतं. बसल्यावर पाच-सात मिनिटांत श्वास शांत व्हायला हवा.

ओठ निळसर पडले, छातीत दुखलं, चक्कर आली, बसल्यावरही छाती धडधडत राहिली, तर खेळ थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. खेळता खेळता शुद्ध हरपली तर थेट इमर्जन्सीत.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. एप्रिल-मेमध्ये होम मैदान असो की गल्ली, खेळ सकाळी आठच्या आत नाहीतर ऊन उतरल्यावरच. लघवी वाढवायचं औषध चालू असेल तर अंगातलं पाणी लवकर कमी होतं. पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल, तर उन्हाळ्याचं माप डॉक्टरांना आधीच विचारा. व्रण वर्षभर उन्हापासून झाका, सुती बनियन पुरतो.

शाळेत पीटीच्या तासाला मूल कोपऱ्यात बसवलं जातं. डॉक्टरांची चिठ्ठी न्या, आणि तिच्यावर काय चालतं तेही लिहून घ्या. नुसती मनाई लिहिलेली चिठ्ठी वर्षभर तशीच फाइलला राहते.