स्मॉल बॅच बर्बन चाखायला बसण्याआधी

सगळ्यात आधी बर्बनच्या, म्हणजे मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीच्या, बाटल्या ठरवा, आणि त्या आठवडाभर आधी आणून ठेवा. सहा-आठ जणांनी चाखून गुण द्यायचे असतील तर चार बाटल्या पुरतात. पाचव्या-सहाव्या ग्लासाला नाक साथ सोडतं आणि मग सगळेच परीक्षक उदार होतात.

दुकानात ‘स्मॉल बॅच’ या शब्दांवर भाळू नका. एरवी बर्बनच्या बाबतीत अमेरिकेचा कायदा कडक आहे. धान्यात निदान 51 टक्के मका हवा. पिंप ओकचं, कोरं आणि आतून जाळून कोळशासारखं केलेलं हवं. भट्टीतून निघताना अल्कोहोल 80 टक्क्यांच्या वर नको, पिंपात भरताना 62.5 च्या वर नको आणि बाटलीत 40 च्या खाली नको. पण किती पिंपं एकत्र केली की बॅच ‘स्मॉल’ राहत नाही, याबद्दल त्या कायद्यात अक्षर नाही. एखादी छोटी डिस्टिलरी मोजकी पिंपं मिसळते, मोठी कंपनी कितीतरी जास्त मिसळते, आणि लेबल दोघींचं तेच. एका पिंपात साधारण 200 लिटर मावतं, त्यावरून अंदाज घ्या. हे नाव रुजवलं जिम बीम कंपनीच्या बुकर नो यांनी: 1988 साली त्यांची बुकर्स आली आणि 1992 मध्ये तिच्या जोडीला नॉब क्रीक, बेकर्स आणि बेसिल हेडन घेऊन कंपनीने स्मॉल बॅचचा संच मांडला. तेव्हापासून जो तो हे दोन शब्द छापतो. त्यामुळे लेबलवरचं बाकीचं वाचा. ‘स्ट्रेट’ लिहिलं असेल आणि वय दिलेलं नसेल, तर माल किमान चार वर्षांचा आहे, कारण चारच्या आत असेल तर वय छापावंच लागतं.

माझी निवड विचाराल तर फोर रोझेस स्मॉल बॅच, लार्सेनी, एलिजा क्रेग स्मॉल बॅच आणि नॉब क्रीक. चारही अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या, चारही तिकडे सहज मिळणाऱ्या, आणि प्रत्येक बाटली यादीत असण्याला कारण आहे. लार्सेनी आणि एलिजा क्रेग या दोन्ही हेवन हिलच्या; 1996 च्या आगीत बार्ड्सटाउनची डिस्टिलरी गेल्यावर कंपनीने 1999 मध्ये लुईव्हिलची बर्नहाइम डिस्टिलरी घेतली, तिथे दोन्ही तयार होतात. फरक धान्यात. मक्याबरोबर लार्सेनीत गहू, एलिजा क्रेगमध्ये राय (rye, गव्हासारखंच एक धान्य). गव्हाची मऊ, गोडसर लागते. रायची मिरीसारखी चुरचुरते. एकच घर, दोन स्वभाव, असं शेजारी ठेवून चाखल्यावर धान्याबद्दलची सगळी पुस्तकी माहिती जिभेवर उतरते. फोर रोझेसकडे धान्याची दोन मिश्रणं आणि पाच यीस्ट, म्हणजे दहा कृती आहेत. त्यातल्या चार मिसळून त्यांची स्मॉल बॅच बनते, म्हणून तिच्यात फळांचा वास शोधायला मजा येते. नॉब क्रीक हवी ती नऊ वर्षांच्या वयासाठी आणि 50 टक्क्यांच्या जोरासाठी.

भारतात हीच यादी जमवणं अवघड आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये बर्बनवरची आयात जकात 150 टक्क्यांवरून 100 वर आली, तरी मुंबई-पुण्याच्या दुकानांत जिम बीम आणि मेकर्स मार्कच्या पुढे निवड पटकन संपते. अमेरिकेतून येणाऱ्याला सांगायचं तर दोन लिटरच जकातमुक्त आणता येतात, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या. दोन माणसं गाठावी लागतील. आणि महाराष्ट्रात बसणार असाल तर पंचविशीच्या आतला कुणी नको आणि परमिट काढून ठेवा. लोक हसतात, पण कायदा आहे.

बाटल्या आल्या की दुसरं काम माणसाचं. ओतणारा वेगळा हवा. तो चाखणार नाही, गुण देणार नाही, दुसऱ्या खोलीत ओतेल आणि कुठल्या ग्लासात काय आहे हे त्याच्या वहीतच राहील. प्रत्येक गोतावळ्यात एक न पिणारे काका असतातच, त्यांना हे काम द्या. ते फार चोख करतात, आणि पिणाऱ्यांची फजिती बघायला मिळते म्हणून आवडीनेही करतात.

काकांना दोन गोष्टी कानात सांगून ठेवायच्या. पहिली, ग्लासांना 1, 2, 3 किंवा अ, ब, क देऊ नका. पहिल्या क्रमांकाकडे माणूस नकळत झुकतो. 417, 862 असे कसेही तीन आकडे द्या. दुसरी गोष्ट या सगळ्या तयारीतली सर्वांत महत्त्वाची: बाटल्या चार, पण ग्लास पाच. एक बर्बन दोनदा ओतायची, वेगळ्या आकड्याने, आणि हे बाकी कुणालाही सांगायचं नाही. (हा लेख पाहुण्यांना पाठवू नका.) पहिल्या आणि चौथ्या जागी फोर रोझेस, मध्ये लार्सेनी आणि एलिजा क्रेग, शेवटी नॉब क्रीक, असा क्रम मला बरा वाटतो. जोरदार बाटली शेवटीच हवी, नाहीतर तिच्या मागून आलेलं सगळं पाणचट लागतं. दोनदा ओतलेल्या बर्बनला कुणी किती गुण दिले यावरून बर्बन कळत नाही, परीक्षक कळतो. ज्याने तीच बर्बन आधी 17 ला आणि नंतर 11 ला बसवली, त्याच्या बाकीच्या आकड्यांना काय अर्थ आहे? बर्बनची परीक्षा घेण्याआधी आपली व्हायला हवी, आणि ती घरच्या घरी घ्यायचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

गुणपत्रिका आदल्या दिवशी छापा. 100 पैकी गुण नकोत. घरगुती परीक्षक 100 पैकी गुण देताना 84 ते 90 च्या बाहेर पाऊल टाकत नाहीत. 20 ठेवा: वासाला 6, चवीला 6, घोट गेल्यावर मागे काय उरतं त्याला 4 आणि एकूण तोलाला 4. रंगाला मी शून्य देतो. रंग सगळा कोऱ्या ओकचा आणि कमी-जास्त पाण्याचा. त्यावरून चव ओळखता येते असं म्हणणारे लेबल झाकलं की गप्प होतात. पत्रिकेबरोबर पेन्सिली ठेवा. मार्कर चुकूनही नको, त्याचा वास नाकात बसतो.

पत्रिकेवर वासासाठी मोकळी जागा सोडा आणि तिथे आपल्या घरातले वास लिहायला सांगा. टॉफी, मेपल सिरप असं परीक्षकी थाटात लिहिण्याची गरज नाही. काकवी, गुळाचा पाक, जायफळ, सुकं खोबरं, भाजलेले शेंगदाणे, खारीक, नव्या कपाटाचं लाकूड: हे सगळं बर्बनमध्ये सापडतं, आणि त्याला कारणंही आहेत. लाकूड भाजताना त्यातलं लिग्निन फुटून व्हॅनिलिन तयार होतं, तोच व्हॅनिलाचा वास. खोबऱ्याचा वास ओकमधल्या लॅक्टोनचा. जळलेल्या थराच्या मागे लाकडातली साखर करपून कॅरॅमल होते, तिथून काकवी. शेंगदाणे नॉब क्रीकमध्ये हमखास शोधा, जिम बीमच्या घराण्याची ती खूण मानतात. नेल पॉलिशचा वास आला तर तोही बिनधास्त लिहावा. तो इथिल अॅसिटेटचा, थोडा चालतो, जास्त झाला की गुण कापावेत. लाकूड अति झालं असेल तर जास्त उकळलेल्या चहासारखी तुरट कडवट चव जिभेच्या मागे राहते, आणि केवळ वय जास्त म्हणून तिला माफी नको.

आता स्वयंपाकघर. चाखायच्या दिवशी दुपारनंतर घरात फोडणी नको. हिंग-मोहरीचा वास पडद्यांत तासन्‌तास राहतो आणि त्यापुढे 47 टक्क्यांच्या बर्बनचंही काही चालत नाही. जेवण सकाळीच करून ठेवा, खिडक्या उघडा. त्या संध्याकाळी उदबत्ती, धूप, रूम फ्रेशनर काही नको; पाहुण्यांना अत्तर-परफ्यूम लावून येऊ नका असं आधीच कळवा आणि बेसिनवरचा गुलाबाचा साबण उचलून ठेवा, कारण तोच हात नाकाजवळ जाणार आहे. तासभर आधीपासून कॉफी, सिगारेट, पान, बडीशेप बंद. पुदिन्याची टूथपेस्टही तेवढाच वेळ त्रास देते. उपाशीपोटी मात्र कुणी यायचं नाही. दुपारी वरण-भातासारखं साधं जेवून या म्हणावं. चकली, चिवडा, मसाला शेंगदाणे असा चखणा गुण देऊन होईपर्यंत डब्यात बंद. टेबलावर साधा पाव किंवा बिनमिठाची बिस्किटं, आणि पाणी.

ग्लास सगळ्यांना एकसारखे. ट्युलिपच्या आकाराचे, तोंडाशी निमुळते ग्लेनकेर्न मिळाले तर उत्तम. नाहीतर लहान वाइन ग्लास चालतात. रुंद तोंडाच्या टंबलरमधून वास उडून जातो आणि प्लास्टिकला स्वतःचाच वास असतो. आदल्या रात्री नुसत्या गरम पाण्याने धुवा आणि सरळ उभे वाळवा. कपाटात पालथा ठेवलेला ग्लास हुंगून बघा, आत लाकडाचा आणि फडक्याचा वास कोंडलेला असतो. बसण्याआधी प्रत्येक रिकामा ग्लास हुंगायचा, हे काम काकांचं.

प्रत्येकी 15 मिली, औषधाच्या मापाने मोजून. ओतून झालं की वर कोस्टर झाकायचे आणि दहा मिनिटं थांबायचं. पाच ग्लास म्हणजे 75 मिली. त्याआधी घरात उघडी असलेली कुठलीही बर्बन प्रत्येकाला 15 मिली, बिनगुणांची, नुसती जीभ जागी करायला, कारण दिवसाचा पहिला घोट सगळ्यांनाच जाळतो. एकूण 90 मिली. एक लार्ज आणि एक स्मॉल, फार काय, असं वाटेल. पण आपल्याला हिशेबाची सवय 42.8 टक्क्यांची, आणि या बाटल्या 45 ते 50 च्या. लेबलवर प्रूफ बघून गोंधळू नका. अमेरिकन प्रूफ टक्क्यांच्या दुप्पट असतो, 90 प्रूफ म्हणजे 45 टक्के. भारतीय बाटलीवरचा 75 हा जुन्या ब्रिटिश मोजणीतला. कोण गाडी चालवणार हे बसण्याआधी ठरवा. थुंकायला प्रत्येकाजवळ एक कागदी पेला ठेवा. लोकांना लाज वाटते, पण स्पर्धांचे परीक्षक सर्रास थुंकतात, त्याशिवाय दिवसभर एवढे नमुने चाखणं शक्यच नाही.

बर्फ नको, सोडा नको. साधं, खोलीच्या तापमानाचं, क्लोरीनचा वास नसलेलं पाणी आणि ड्रॉपर. आधी नुसती चाखायची, मग पाणी. 15 मिलीच्या 50 टक्के बर्बनमध्ये पाऊण चहाचा चमचा पाणी घातलं की ती 40 वर येते. ब्लेंडर लोक, म्हणजे डिस्टिलरीत पिंपं मिसळणारे, वास घेताना 20 टक्क्यांपर्यंत पातळ करतात, कारण दडलेले दोष तिथे बाहेर येतात. पाणी घातलं तर सगळ्या ग्लासांत घाला, लाडक्या एकात नको.

बसल्यावर सांगायच्या सूचना थोड्याच. तोंड किंचित उघडं ठेवून ग्लासाच्या कडेशी हुंगायचं, नाक आत खुपसायचं नाही, वाइनसारखं गरागरा फिरवायचं नाही. पहिल्या घोटावर गुण नाहीत. दुसरा घोट तोंडात फिरवायचा, चावल्यासारखा. बुकर नो असंच करत आणि केंटकीत त्याला केंटकी च्यू म्हणतात. छातीत उतरणारी ऊब येईल, तिला तिथे केंटकी हग म्हणतात. त्या ऊबेला वेगळे गुण नाहीत. आणि पत्रिका भरेपर्यंत कुणीही बोलायचं नाही. एकाने मोठ्याने ‘चेरी!’ म्हटलं की टेबलावरच्या सगळ्या नाकांना चेरी सापडते. विशेषतः जो दर वर्षी डिस्टिलरीची टूर करून येतो, त्याला टेबलाच्या टोकाला बसवा.

पत्रिका गोळा झाल्यावर आधी दुहेरी ग्लासचे गुण ताडून बघा. दोन्हींत 3 पेक्षा जास्त फरक असलेली पत्रिका बेरजेतून बाजूला. नाव जाहीर करायचं की नाही हे तुमच्या मैत्रीवर. उरलेल्यांची बेरीज करा, क्रमवारी वाचा, आणि बाटल्या व किमती त्यानंतरच दाखवा. महागडी खाली आली तर वाद होणारच, तेव्हा चखण्याचा डबा उघडा. पत्रिका फाइलला लावून ठेवा, पुढच्या वेळी त्याच माणसाचे गुण शेजारी ठेवून बघता येतात.

उरलेल्या बाटल्या उभ्याच ठेवा, उन्हापासून लांब. आडव्या ठेवल्या तर एवढ्या जोराचं अल्कोहोल बूच खातं. पावच बाटली उरली असेल तर ती छोट्या बाटलीत काढा, कारण आत हवा जास्त झाली की काही महिन्यांत वास मंदावतो.