होळी झाली की फुलांच्या वावरात काय काय करायचं

पळस फुलला की समजायचं, उन्हाळा दाराशी आला. विदर्भात वसंत तसा दोन-तीन आठवड्यांचाच, मार्च सरत नाही तोवर पारा चाळिशीकडं जातो आणि मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडं ४६-४७ पण होतो. झाडांनी माना टाकल्यावर धावपळ करून काही हाती लागत नाही, म्हणून सगळी तयारी होळीच्या आसपासच उरकायची.

आधी वावरात एक चक्कर मारा आणि ठरवा, कोणाला आराम द्यायचा अन् कोणाला कामाला लावायचं. शेवंतीचा बहार संपला असतो, तिला जमिनीपासून चार बोटं ठेवून छाटा आणि चांगल्या निरोगी झाडांचे एक-दोन वाफे हिरव्या शेडनेटखाली जगवा, जूनच्या लागवडीला काश्या (बुडाशी फुटणारी मुळासकट कोंबं) यातूनच मिळतात. गुलाबाची आता मोठी छाटणी नको, वाळकी फुलं तेवढी काढत राहा. निशिगंधाचे कंद काढले असतील तर तीन-चार आठवडे सावलीत पसरून ठेवा, मगच लावा.

दुसरं काम आच्छादनाचं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. आपली काळी जमीन सुकली की भेगा पडतात आणि त्या भेगांत बारीक मुळ्या अक्षरशः तुटतात. सोयाबीनचं कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा) सगळ्यांकडं असतंच, ते तीन-चार बोटं जाड पसरा, पण खोडाला टेकू देऊ नका कारण कोरड्या कुटारात वाळवी लवकर लागते.

पाणी थोडं थोडं पण लवकर लवकर द्या, अन् पहाटे किंवा रात्रीच. खात्री करायची असेल तर एप्रिलमध्ये दुपारी ड्रिप सुरू करून नळीतून येणारं पहिलं पाणी हातावर घ्या, चटका बसतो, तेच पाणी मुळाशी गेलं तर झाडाचं काय होईल. खारी आणि उंदीर पाण्यासाठी नळ्या कुरतडतात, म्हणून रोज एक फेरी पाहिजेच.

पश्चिमेच्या बांधाला फेब्रुवारीतच मक्याच्या दोन ओळी टाकल्या असतील तर गरम वारा बराच अडतो.

लाल कोळी गुलाबावर आणि झेंडूवर याच दिवसात येतो, पानाच्या खाली बारीक जाळं दिसतं, पान पिवळसर ठिपक्यांचं होतं. सुरुवातीला पानाच्या खालच्या बाजूनं पाण्याचा जोरदार फवारा मारा. कोळीसाठी गंधक फवारायचं झालं तर भर उन्हात कधीच नको, मी एकदा दुपारी मारलं होतं आणि दोन दिवसांत अख्ख्या ओळीची पानं करपली, ते बघून खरंच जीव तुटला.

कामाला लावायचे ते गलांडा आणि मोगरा. गलांडा ऊन सोसतो, रामनवमी, आंबेडकर जयंती, अक्षय तृतीयेची लग्नं, सगळीकडं हार लागतातच. मोगऱ्याला जानेवारीत छाटून शेणखत दिलं असेल तर मार्चपासून कळ्या येतात. तोडणी उजाडायच्या आत, कळी पांढरी अन् भरलेली पण मिटलेली पाहिजे, कारण सकाळी तोडलेली कळी त्याच संध्याकाळी गजऱ्यात उमलते. टोपलीत ओलं सुती कापड अंथरा, वरून पण तेच झाका, आणि बाजार लांब असेल तर पहिल्याच एसटीनं पाठवा.