हॉटेलच्या ट्रेनिंगला निघण्याआधी

मी चिपळूणची. पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट केलं, २०११ साली मुंबईतल्या एका पंचतारांकित हॉटेलात ट्रेनिंग केलं आणि आता गोव्यात हाउसकीपिंगला सुपरवायझर आहे. दरवर्षी माझ्या फ्लोअरवर नवे ट्रेनी येतात. पहिल्या दिवशी शेफची टोपी घातल्यासारखे चालतात, चौथ्या दिवशी लंगडतात.

म्हणून आधी बूट. काळे, लेदरचे, खालून न घसरणारे. संध्याकाळी विकत घ्या, दिवसभराने पाय सुजलेले असतात तेव्हाचं माप खरं. ट्रेनिंगच्या आधी पंधरा दिवस घरात घालून फिरा. किचनसाठी पुढे पोलादी टोपण असलेले सेफ्टी शूज वेगळे लागतात. सुती मोज्यांचे निदान पाच जोड. सूट-टायवर खर्च करणारे आईबाप बुटांवर पैसे वाचवतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

जॉइन होण्याआधी एचआरला चार गोष्टी विचारा: साप्ताहिक सुट्टी, जेवण, युनिफॉर्मची धुलाई, आणि रात्री उशिरा सुटल्यावर घरी सोडायची सोय. मुलींनी शेवटचं लेखी घ्यावं. स्टायपेंडवर घरभाडं निघेल असं धरून चालू नका. ब्रेक शिफ्ट म्हणजे सकाळी अकरा ते तीन आणि पुन्हा सात ते अकरा; मधले चार तास लोकलमध्ये घालवायचे नसतील तर खोली हॉटेलच्या जवळ बघा.

फ्रंट ऑफिस (म्हणजे रिसेप्शन), हाउसकीपिंग, किचन, एफ अँड बी सर्व्हिस (म्हणजे खाणं-पिणं वाढणं). चारही ठिकाणी पाठवतात, आणि रडतात सगळे हाउसकीपिंगला. ‘चादरी बदलायला का एवढी फी भरली?’ मीही रडले होते. आई फोनवर म्हणाली, ‘घरी स्वतःचं पांघरूण घडी करत नव्हतीस, आता कर दुसऱ्यांची.’

खोलीत शिरायची पद्धत आधी शिका. बोटांच्या पेरांनी टकटक करा, किल्लीने नाही. ‘हाउसकीपिंग’ म्हणा, थांबा. असं तीनदा. दारावर डीएनडी, म्हणजे ‘डू नॉट डिस्टर्ब’ची पाटी असेल तर टकटकही नको, सुपरवायझरला कळवा. आत गेल्यावर ट्रॉली दाराशी आडवी लावा.

पलंगावरची चादर एकदम ओढू नका. एकेक कपडा उचलून झटका. त्यात चष्मा निघतो, मोबाइल निघतो, पोराचं खेळणं निघतं. माझ्या दुसऱ्या आठवड्यात बेडसाइड टेबलावर चुरगळलेला टिश्यू होता, मी तो कचऱ्यात टाकला. त्यात आजोबांची कवळी होती. रात्री आठपर्यंत मी आणि एक रूम बॉय मागच्या अंगणात कचऱ्याच्या पिशव्या उपसत होतो. तिसऱ्या पिशवीत सापडली. तेव्हापासून माझा नियम: डस्टबिनमध्ये आहे तेवढाच कचरा. बाकी सुकलेलं फूल असलं तरी जागचं हलवायचं नाही, आणि गेस्ट चेकआउट करून गेला असेल तर लॉस्ट अँड फाउंडला नोंदवायचं.

आता चादरीचा कॉर्नर. चादर पायाशी खोचून घ्या. मग बाजूची कड मॅट्रेसच्या टोकापासून फूटभर अंतरावर धरून वर उचला, मॅट्रेसवर त्रिकोण ठेवा. खाली लोंबणारा भाग आत खोचा, त्रिकोण खाली सोडा, तोही खोचा. पंचेचाळीस अंशांची रेघ दिसली पाहिजे. वाकताना गुडघे वाकवा, कंबर नाही. उशीच्या खोळीचं तोंड दाराच्या विरुद्ध बाजूला. आमचे जुने रूम बॉय पलंगाभोवती एकच फेरी मारतात. नवा ट्रेनी प्रदक्षिणा घालत बसतो. पहिली चेकआउट रूम, म्हणजे पाहुणा सोडून गेलेली खोली, तयार करायला मला सव्वा तास लागला होता. ती अर्ध्या तासात बसते, महिनाभर गेला की.

ट्रॉलीवरच्या बाटल्या नंबराने ओळखतात. टास्की या कंपनीचा आर वन बाथरूमला, आर थ्री काचेला, आर सिक्स कमोडला. दोन केमिकल कधीही एकत्र ओतू नका, आणि कमोडचं फडकं ग्लासला लावताना कुणी दिसला तर मला सांगा.

किचनमध्ये पहिले काही दिवस कांदा, बटाटा, मटार. वैतागू नका, सुरीवर हात त्यातच बसतो. डाव्या हाताची बोटं आत वळवून धरा. सुरी सिंकमध्ये टाकून जाऊ नका, भांडी घासणाऱ्याचा हात कापतो. चिरायचा लाल बोर्ड कच्च्या मटणाला, हिरवा भाजीला; ५ ते ६० अंश सेल्सिअसमध्ये अन्न रेंगाळलं की जंतू वाढतात, म्हणून शिजवलेलं उघड्यावर ठेवून गप्पा मारायच्या नाहीत. मागून जाताना ‘बिहाइंड’, गरम भांडं असेल तर ‘हॉट’ असं मोठ्याने ओरडा. लाजाल तर भाजाल.

सर्व्हिसमध्ये व्हिनेगर घातलेल्या गरम पाण्यातून काटे-चमचे पुसणं, आणि बँक्वेट रात्री दोनपर्यंत. इंग्रजीची भीती असते ती इथे जाते. मराठी माध्यमातून आलेल्यांनी पन्नास वाक्यं पाठ करावीत, आरशासमोर. व्याकरणापेक्षा गेस्टचं नाव नीट उच्चारणं जास्त उपयोगी पडतं. फ्रंट ऑफिसला पासपोर्ट बघायला शिका: परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म (पूर्वीचा सी फॉर्म) भरावा लागतो.

एक गोष्ट मुलींनाच नाही, मुलांनाही. गेस्ट विचित्र वागला तर ‘एक्स्क्यूज मी’ म्हणून बाहेर पडा, काम अर्धं राहू दे. दार आधीच उघडं असतं, ट्रॉली त्यासाठीच. लगेच सुपरवायझरला सांगा. मुलींनो, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ट्रेनीसुद्धा येतात. तक्रार ऐकणाऱ्या अंतर्गत समितीची नावं स्टाफच्या नोटीस बोर्डावर असली पाहिजेत. पहिल्याच दिवशी वाचून घ्या.

सुट्टीचं म्हणाल तर गोव्यात चतुर्थीला मिळू शकते, पावसाळ्यात गर्दी कमी असते. ३१ डिसेंबरला मागूसुद्धा नका.

लॉगबुक, म्हणजे ट्रेनिंगच्या कामाची वही, रोज लिहा, शिफ्ट संपल्यावर कॅन्टीनमध्ये बसून. शेवटच्या आठवड्यात दोन महिन्यांचं एकदम लिहिलेलं एका शाईचं असतं, लगेच ओळखू येतं. प्रत्येक डिपार्टमेंट सोडतानाच अप्रेझल फॉर्मवर (तुमच्या कामाच्या शेऱ्याचा कागद) तिथल्या प्रमुखाची सही घ्या. मी शेवटपर्यंत थांबले आणि तोवर किचनचे शेफ नोकरी सोडून दुबईला गेले होते.