एकेरी मार्गावर जादा गाडी बसवताना

छापील वेळापत्रकात दोन गाड्यांमध्ये चार तासांची फट दिसली, की रेल्वेच्या ऑपरेटिंगमध्ये (गाड्या चालवण्याच्या विभागात) नव्याने आलेल्यांना वाटतं, इथे एक जादा पॅसेंजर सहज बसेल. गोंदिया–बल्लारशाहसारख्या एकेरी मार्गावर, म्हणजे दोन्ही दिशांना एकच रूळ असतो तिथे, ती फट मोकळी नसते. त्या वेळापत्रकात मालगाड्या येतच नाहीत. म्हणून कंट्रोलचे (गाड्यांची हालचाल सांभाळणाऱ्या कक्षाचे) मागच्या पंधरा दिवसांचे चार्ट काढा. आडवी वेळ, उभी स्टेशनं, तिरकी रेघ म्हणजे गाडी. रेघा रोज कुठे दाटतात ते आधी पाहा.

मग सर्वांत जास्त वेळ खाणारा ब्लॉक सेक्शन (दोन स्टेशनांमधला, एका वेळी एकच गाडी घेणारा टप्पा) शोधा. मार्गाची क्षमता तोच ठरवतो. समजा, तो १२ किलोमीटरचा आहे आणि सर्वांत धिमी मालगाडी ताशी ४५ ने तो १६ मिनिटांत काढते. ब्लॉक घेण्या-देण्याची, म्हणजे गाडी सोडायला पुढच्या स्टेशनाची परवानगी मिळवण्याची, ५ मिनिटं धरा. मार्गाची क्षमता काढणाऱ्या स्कॉटच्या सूत्राने दिवसाची १४४० मिनिटं भागिले २१, त्याचे ७० टक्के: अप-डाउन मिळून ४८ गाड्या. गाडी बसत नाही म्हणून हे ७० टक्के वाढवू नका. उशीर, बिघाड, जनावर आडवं येणं, सगळं उरलेल्या ३० मध्येच मुरतं.

खरी कसोटी क्रॉसिंगची, म्हणजे समोरासमोरच्या गाड्या स्टेशनात एकमेकींना ओलांडण्याची. लूपमध्ये (स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर) जाताना १:१२ च्या सांध्यावर (रूळ बदलतो ती जागा; आकडा वळण किती तीव्र ते सांगतो) वेग ताशी ३०, १:८.५ वर फक्त १५. सहाशे मीटरची गाडी पहिल्यावरून ७२ सेकंदांत आत येते, दुसऱ्यावर १४४ लागतात. शिवाय दोन्ही बाजूंच्या गाड्या एकाच वेळी आत घेता येत नसतील, तर दुसरी होम सिग्नलबाहेर (स्टेशनात शिरण्याआधीच्या सिग्नलपाशी) उभी राहते. ही मिनिटं स्टेशननिहाय लिहून ठेवा. नुसत्या धावण्याच्या वेळेवर आखलेला पाथ (गाडीसाठी राखलेली वेळेतली वाट) पहिल्याच दिवशी मोडतो. लूपची लांबीही तपासा. लूपमध्ये न मावणारी मालगाडी समोरून आली, तर तुमच्या गाडीलाच बाजूला थांबावं लागतं.

उशीर भरून काढायला ठेवलेली सगळी जादा मिनिटं शेवटच्या स्टेशनाआधी कोंबण्याची सवय वाईट. गाडी बल्लारशाहला वेळेत दिसते, पण मधे नागभीडला २० मिनिटं उशिरा येऊन समोरच्या गाडीचं क्रॉसिंग बिघडवते. मोठ्या क्रॉसिंगच्या आधी चार-पाच मिनिटं ठेवा. रुळांच्या देखभालीचा ब्लॉक (त्यासाठी गाड्या बंद ठेवायची वेळ) मात्र कधीच खाऊ नका. तो गेला की वेगमर्यादा लागते आणि सगळ्याच गाड्या धिम्या होतात.

पाथ रात्री दोनला सहज मिळतो, पण वडशाहून, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातून, दवाखान्यासाठी गोंदियाला जाणाऱ्याला सकाळी निघून संध्याकाळी परतायचं असतं. अशा वेळी मालगाडीचा पाथ अर्धा तास सरकतो का, हे आधी विचारा. एप्रिल २०२५ मध्ये या मार्गाच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. दुसरा रूळ पडेपर्यंत हीच ओढाताण राहणार.

शेवटी रेक, म्हणजे गाडीच्या डब्यांचा संच. परतीचा पाथ, शेवटच्या स्टेशनावर रिकामा फलाट आणि पिट लाइनवर (डबे खालून तपासायच्या रुळावर) देखभालीचे सुमारे सहा तास, हे तिन्ही जुळल्याशिवाय प्रस्ताव वर पाठवू नका.