जँगोत स्वतःचा टेम्प्लेट टॅग लोड होत नाही? या चुका टाळा

जिनिंगवर 18.40 क्विंटल लांब धाग्याचा कापूस 2024-25 च्या 7,521 रुपये हमीभावाने मोजला आणि पट्टीवर 138386.40 छापून आलं, तर शेतकरी ती पट्टी पुन्हा खिडकीत सरकवतो. त्याला 1,38,386.40 दिसलं पाहिजे. म्हणून आपण जँगोत, म्हणजे पायथनमध्ये वेबसाईट बांधायच्या चौकटीत, ‘रक्कम’ नावाचा फिल्टर लिहितो. फिल्टर म्हणजे टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) आकडा हवा तसा मांडून देणारं फंक्शन; स्वतःच्या टॅगसारखंच तेही लोड करावं लागतं. आणि पान उघडताच एरर.

बहुतेक जण लगेच फिल्टरचा कोड उकरतात. आधी एरर शेवटपर्यंत वाचा.

‘नॉट अ रजिस्टर्ड टॅग लायब्ररी’ असेल, तर जँगोला तुमची फाईलच दिसलेली नाही. त्याच ओळीत पुढे त्याला दिसलेल्या लायब्रऱ्यांची यादी असते: स्टॅटिक, कॅश, टीझेड वगैरे. त्यात तुमचं नाव नसेल तर कोडला हात लावू नका, जागा तपासा. टेम्प्लेटटॅग्ज हे फोल्डर अ‍ॅपच्या आत, मॉडेल्सच्या फाईलशेजारी हवं. नाव जोडून, शेवटचा ‘एस’ न विसरता. पुष्कळ जण ते सेटिंग्जच्या फाईलशेजारी ठेवतात आणि ते फोल्डर सेटिंग्जमधल्या इन्स्टॉल्ड अ‍ॅप्सच्या यादीत नसतंच. आत रिकामी इनिट फाईलही ठेवा. टेम्प्लेटमध्ये ‘लोड’ या टॅगपुढे फाईलचं नाव लिहायचं, फिल्टरचं किंवा अ‍ॅपचं नाही, आणि डॉट पायशिवाय.

एवढं करूनही यादीत नाव नाही? सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करा. टेम्प्लेटटॅग्जमध्ये नवी फाईल टाकली की डेव्हलपमेंट सर्व्हर आपोआप रीस्टार्ट होत नाही. आमच्याकडे इन्व्हर्टर नसलेल्या पीसीवर याची वेगळीच मजा: “भाऊ, काल चालत नव्हतं, लाईट जाऊन आल्यावर चालू झालं, काहून?” म्हणून!

‘इनव्हॅलिड फिल्टर’ आलं तर गोष्ट वेगळी. बहुधा त्या टेम्प्लेटमध्ये लोड लिहिलेलं नसतं. बेस टेम्प्लेटमधलं (सगळ्या पानांच्या मूळ साच्यातलं) लोड, त्याला एक्स्टेंड करणाऱ्या म्हणजे त्यावर बेतलेल्या पानाला मिळत नाही, हे माझ्या मते सगळ्यात जास्त छळणारं. प्रत्येक पानात लिहा, पण एक्स्टेंड्सच्या खाली. एक्स्टेंड्स हा पहिलाच टॅग लागतो. लोड असूनही तीच एरर आली तर फंक्शनवरचं रजिस्टर डॉट फिल्टर राहिलंय का बघा. ते व्हेरिएबल ‘रजिस्टर’ याच नावाचं हवं.

आणि फाईलला ‘युटिल्स’ नाव देऊ नका. दुसऱ्या अ‍ॅपमध्ये त्याच नावाची फाईल असली की एकच लोड होते. जुनं जँगो यावर गप्प राहतं, नवं निदान सिस्टीम चेकमध्ये कुरकुरतं. ‘पट्टी_टॅग्ज’सारखं नाव इंग्रजी अक्षरांत द्या; मधे अंडरस्कोर, डॅश नाही.