विंटर टायर कधी चढवायचे? दरवर्षी दिसणाऱ्या या चुका टाळा

थंडी तोंडावर आली की मला तोच मेसेज येतो, फक्त पाठवणारा बदलतो. "अजून बर्फाचा पत्ता नाही, एवढ्यात विंटर टायर घालू की थांबू?" आणि मग महिनाभराने त्याच माणसाचा दुसरा मेसेज, "अरे ओळखीत कुणी टायरवाला आहे का, सगळीकडे दोन-दोन आठवड्यांचं वेटिंग सांगतायत." इतकी वर्षं तेच तेच उत्तर टाइप करून कंटाळलोय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

बर्फ पडायची वाट बघणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि मी स्वतः केलेली आहे म्हणून जरा लांबण लावणार आहे.

लोकांना हे बर्फाचे टायर वाटत असले तरी ते मुळात थंडीचे आहेत. समर टायरचं, म्हणजे एरवीच्या उबदार दिवसांतल्या टायरचं, रबर गार पडलं की कडक होत जातं आणि रस्त्याला धरून राहत नाही. विंटर टायरच्या रबरात सिलिका आणि नैसर्गिक रबर जास्त असतं, त्यामुळे ते थंडीतही मऊ राहतं. वर त्याच्या रस्त्याला टेकणाऱ्या रबरी ठोकळ्यांवर सुरीने कापल्यासारख्या बारीक चिरा असतात, गाडी चालताना त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फात रुततात. मोठ्या खाचांमध्ये बर्फ भरून बसतो तेही मुद्दाम तसंच केलेलं असतं, कारण बर्फाला बर्फच सगळ्यात चांगला चिकटतो, लहानपणी गोळा वळलेल्या कुणालाही हे पटेल.

आता तो ७ डिग्रीचा आकडा. जिथे तिथे लिहिलेलं असतं की ७ च्या खाली गेलं की बदला. चांगला नियम आहे, मीही तोच पाळतो, पण काही लोक तो इतका शब्दशः घेतात की ६.५ दिसलं की घाबरतात आणि ८ दिसलं की निवांत. रबर असं बटण दाबल्यासारखं बदलत नाही. कोरड्या रस्त्यावर चांगला समर टायर ५ डिग्रीलाही नीट थांबतो. खरी गोची होते ती पहाटे, रस्ता ओला असतो, त्यावर दव गोठलेलं असतं आणि वरून काही दिसत नाही तेव्हा. दिवसाचं तापमान ७ च्या आसपास घुटमळायला लागलं की असल्या पहाटा फार लांब नसतात, म्हणून तो आकडा कामाचा.

माझं काय झालं ते सांगतो. गाडी घेतल्यानंतरची माझी पहिलीच थंडी. टायर घरात आणून ठेवलेले, रिमवर चढवून अगदी तयार, पण मी रोज ॲपमध्ये बर्फाचं चिन्ह शोधत बसायचो. बर्फ पुढच्या आठवड्यात दाखवत होता म्हणून म्हटलं पुढच्या शनिवारी निवांत बदलू, उगाच विंटर टायर कशाला झिजवा. मंगळवारी सकाळी निघालो, आकाश निरभ्र, ऊन नुकतंच यायला लागलेलं, डॅशबोर्डवर २ डिग्री. रस्ता काळा आणि स्वच्छ दिसत होता. उतारावरून सिग्नलकडे येताना नेहमीच्या जागी ब्रेक दाबला आणि पायाखाली एबीएसची, म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, ती करकर सुरू झाली, गाडी मात्र काही मनावर घेईना. वेग फार तर ४० असेल. समोर एक गाडी उभी होती, तिच्या मागच्या दिव्यांकडे बघत मी सरकत सरकत गेलो, आणि शेवटच्या क्षणी स्टिअरिंग कडेच्या गवताकडे वळवलं म्हणून त्या गाडीला लागलं नाही. पुढचा बंपर मात्र एका खांबाला भेटून आला. बर्फ कुठेही नव्हता! खांब आणि ती गाडी सोडली तर आजूबाजूला माझ्याकडे बघणारं कुणी नव्हतं तेवढं बरं.

त्या दिवशी दुपारपासून टायर बदलून घ्यायला फोन लावत होतो. तहान लागल्यावर विहीर खणणारे माझ्यासारखे शेकडो निघाले. शुक्रवारी खरोखरच बर्फ पडला आणि गाडी अकरा दिवस दारात उभी.

तेव्हापासून माझी पद्धत साधी आहे. पुढच्या दहा दिवसांचा अंदाज उघडायचा आणि त्यातलं फक्त मी घरातून निघतो त्या वेळचं तापमान बघायचं. दहातले सहा-सात दिवस ते ७ च्या खाली असलं की टायर बदलायचे, बर्फाचं चिन्ह असो नसो. आणि टायरवाल्याकडून बदलून घ्यायचे असतील तर अपॉइंटमेंट त्याच्याही महिनाभर आधी घेऊन ठेवायची, घाम येत असतो तेव्हाच. दोन आठवडे लवकर घातले म्हणून विंटर टायरचं काही बिघडत नाही, थोडे झिजतात, झिजू देत. खांबापेक्षा स्वस्त.

दुपारचं तापमान बघून ठरवणं

"अरे काल तर १३ होतं!" हो, दुपारी तीन वाजता. तुम्ही ऑफिसला सकाळी सातला निघता. आणि गाडी जे दाखवते ते हवेचं तापमान, रस्त्याचं नाही. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता वर सोडून देते आणि रस्ता हवेपेक्षा गार होतो, म्हणजे डॅशबोर्डवर ३ असताना खाली शून्य असू शकतं. बऱ्याच गाड्या ३-४ डिग्रीलाच बर्फाची वॉर्निंग देतात ती याच कारणासाठी, शोभेला नाही. पूल तर सगळ्यात आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही वारा लागतो.

यातलाच एक प्रकार म्हणजे आपल्या गल्लीतलं हवामान बघून डोंगरात जाणं. १०० मीटर वर गेलं की साधारण अर्धा-पाऊण डिग्री कमी होते. खाली १० असलं तरी हजार मीटर उंचीवरच्या घाटात तुम्ही ३-४ डिग्रीत असाल, आणि घाटात समोर खांब नसतो, दरी असते. रोजचा रस्ता घाटातला असेल तर तुमची तारीख घाट ठरवणार, तुमची गल्ली नाही.

कायद्याच्या तारखेवर अवलंबून राहणं

काही ठिकाणी तारीख ठरलेली आहे. कॅनडातल्या क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, रस्त्यावर थंडीची परिस्थिती असेल तर. जर्मनीत तारीखच नाही, रस्ता तसा असेल तर टायर पाहिजेत एवढंच, आणि लोक तोंडी हिशोब ठेवतात तो "ओ ते ओ", म्हणजे ऑक्टोबर ते ओस्टर्न, त्यांचा ईस्टर. पण कायद्याची तारीख म्हणजे परीक्षेला पासिंगचे मार्क. ३० नोव्हेंबरला घसरलात तर "उद्यापासून सक्ती होती" हे सांगून गाडी थांबणार नाही.

फोर व्हील ड्राइव्ह आहे, मला काय गरज

त्यात इंजिनचा जोर चारही चाकांना मिळतो, तो निघताना कामाला येतो. थांबताना सगळ्यांच्याच चारही चाकांना ब्रेक असतो. पुढचा मुद्दा.

दोनच टायर घालणं

पैसे वाचवायला फक्त पुढे घालतात. पुढचं धरतं, मागचं सुटतं, वळणावर गाडी स्वतःभोवती फिरते. चार घ्या नाहीतर बस पकडा.

टायरवर काय लिहिलंय ते न बघणं

"एम प्लस एस" (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलंय म्हणजे विंटर टायर, असं समजू नका. ती अक्षरं कंपनी स्वतःच छापते, त्यासाठी कुठली परीक्षा द्यावी लागत नाही. बघायचं ते तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह, ते बर्फावरची चाचणी पास झाल्यावरच मिळतं. जर्मनीत तर ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं एम प्लस एस चालतच नाही. ऑल सीझन टायरवर हे डोंगराचं चिन्ह असेल आणि तुमच्याकडे थंडी बेताची असेल तर खुशाल तेच वापरा, माझी काही हरकत नाही, निदान कधी बदलू असं विचारायला तरी येणार नाही.

गेल्या वर्षीचेच टायर परत घालणार असाल तर खाचेची खोली आत्ताच मोजा, घालायच्या दिवशी नको. युरोपात कायदा १.६ मिलिमीटरवर थांबतो, पण विंटर टायर ४ च्या खाली गेला की बर्फात त्याचा उपयोग झपाट्याने कमी होतो. वयही बघा, टायरच्या बाजूला छापलेल्या डॉट कोडच्या शेवटी चार आकडे असतात, ४२१९ म्हणजे २०१९ सालचा ४२ वा आठवडा. खाचा भरपूर पण टायर दहा वर्षांचा, असा "जवळजवळ नवाच" सेट स्वस्तात मिळाला म्हणून खूश होणारे मी पाहिलेत.

उशीर झाला म्हणून घाईत घरीच बदलणं

ही माझी दुसरी लाडकी चूक, आणि ही उशिरा ठरवण्यातूनच जन्माला येते. अपॉइंटमेंट मिळत नाही, उद्या बर्फ आहे, मग रात्री आठ वाजता मोबाइलच्या उजेडात जॅक लावून बसायचं. व्हिडिओमध्ये वीस मिनिटांत झालेलं असतं ना!

एका मित्राने असंच केलं. अलॉयची, म्हणजे हलक्या मिश्रधातूची, चाकं काढली, स्टीलच्या रिमवरचे विंटर टायर चढवले, बोल्ट पायाने दाबून दाबून घट्ट केले आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन लांबच्या प्रवासाला निघाला. तासाभराने खडखड सुरू झाली. तो म्हणाला, "नवीन टायर आहेत, आवाज करणारच." मी म्हटलं थांब. थांबलो, पाना लावला, तर एका चाकाचे तीन बोल्ट हाताने फिरत होते. झालं असं होतं की हबवरचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावरचा, गंज आणि माती न खरवडताच त्याने रिम बसवलं होतं. गाडी चालली, गंज दबला, मध्ये फट पडली आणि बोल्ट सैल. कडेला बसून एकेक चाक उघडून साफ करत होतो तेव्हा तोंड त्याचं पडलं होतं आणि शिव्या माझ्या तोंडात होत्या.

घरी बदलायला माझा विरोध नाही, मी स्वतः घरीच बदलतो. पण दिवसाउजेडी, सपाट जागेवर. तारेच्या ब्रशने हब घासतो. बोल्ट समोरासमोरचे, चांदणी काढल्यासारखे आवळतो, आणि शेवटी टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना, आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. पायाने दाबणं हे माप नाही, तुमचं वजन आणि माझं वजन सारखं नाही. ५० ते १०० किलोमीटर झाले की परत एकदा रेंच लावायचा, हे कितीही कंटाळा आला तरी. आणि स्टीलच्या रिमला अलॉयचे बोल्ट चालतीलच असं नाही, लांबी वेगळी असते, डोक्याखालचा आकारही कधी उतरता कधी गोल, ते आधी तपासा. टायरवर बाण असेल तर तो पुढे फिरायच्या दिशेने. बाण उलटा लावून अख्खी थंडी काढलेला माणूस मला माहीत आहे, नाव सांगत नाही, सध्या तो हेच लिहितोय.

हवा न तपासणं

१० डिग्री उतरलं की साधारण दीड पीएसआय (टायरमधल्या हवेच्या दाबाचं माप) हवा कमी होते. गॅरेजच्या उबेत भरलेली हवा बाहेर कमीच भरते. आठवड्याने टायर गार असताना तपासा.

पहिल्या उन्हात परत काढणं

शरद ऋतूत उशीर करणारेच वसंतात सगळ्यात आधी पळतात, गंमत आहे. तीन दिवस ऊन पडलं की लगेच समर टायर, आणि चौथ्या आठवड्यात बर्फ. इथेही तोच सकाळचा नियम उलटा लावा, आठवडाभर निघायच्या वेळी ७ च्या वर राहिलं की काढा. पण काढा मात्र! "आता काढून काय, परत घालायचेच आहेत" म्हणून भर उन्हाळ्यात विंटर टायरवर फिरणारे असतात, तेव्हा ते रबर इतकं मऊ पडतं की ब्रेकला अंतर जास्त लागतं आणि टायर खोडरबरासारखा झिजतो.

काढलेल्या टायरवर खडूने लिहा, पुढे डावा, मागे उजवा असं. रिमसकट असतील तर एकावर एक रचा, नुसते असतील तर उभे ठेवा आणि अधूनमधून फिरवा, अंधारात, गार जागी. मी तेव्हाच खाचाही मोजतो आणि आकडा त्याच खडूने टायरवर लिहून ठेवतो, म्हणजे नवीन सेट घ्यायचा की नाही ते उन्हाळ्यातच ठरतं.